वीसच्या वीस हजर!

"बाई, मुलं मोजायची चिंता माझ्यावर सोडा!" लेकीच्या वर्गाच्या सहलीला मदतीसाठी आलेल्या प्रोग्रामर बाबांनी छातीठोकपणे सांगितलं.

संग्रहालयाच्या दारात मुलांना एक ते वीस नंबरांचे बिल्ले मिळाले होते. बाबांनी मोबाइलमध्ये दोन याद्या ठेवल्या: आत गेलेली मुलं आणि बसमध्ये चढलेली मुलं. प्रोग्रामिंगच्या भाषेत बिल्ल्याचा नंबर म्हणजे 'की', म्हणजे ओळखीची खूण, आणि त्या नंबरापुढचं नाव म्हणजे 'व्हॅल्यू'. "दोन्ही याद्यांच्या फक्त 'की' ताडून बघायच्या. एका ओळीचं काम!"

"आणि नावं?"

"नंबर जुळला की माणूस जुळलाच ना, बाई!"

परतताना बाबा बसच्या दारात उभे राहिले. बिल्ला बघ, नंबर टाक, पुढचा! बिल्ल्याच्या वर बघायची त्यांना गरजच वाटली नाही. फरक: शून्य! "वीसच्या वीस हजर! चला!"

दोन सिग्नल ओलांडल्यावर ते सात नंबरला, म्हणजे आपल्याच लेकीला, पाणी द्यायला मागे गेले. तिथे दोन वेण्यांची एक अनोळखी मुलगी आरामात पाय हलवत बसली होती.

"तू कोण गं?"

"सात नंबर."

"अगं, सात नंबर माझी मुलगी आहे!"

"नाही काका, मी माझ्या बाबांची आहे. आमच्या बसमध्ये मला खिडकी मिळत नव्हती!"

संग्रहालयानं त्याच दिवशी आलेल्या दुसऱ्या शाळेलाही एकपासूनच बिल्ले वाटले होते! बाबा ड्रायव्हरकडे धावले. "गाडी वळवा हो!"

वाटेत त्यांच्या लक्षात आलं. प्रोग्राम बिचारा चुकला नव्हता. सात नंबर आहे का, एवढंच त्यांनी त्याला विचारलं होतं. माझी मुलगी आहे का, हे विचारायचं त्यांनाच सुचलं नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

लेक देवमाशाच्या सांगाड्यासमोर दुसऱ्या शाळेच्या बाईंचा हात धरून उभी होती. बाबांनी तिला घट्ट जवळ घेतलं. त्यांचे डोळे भरून आले. दोन वेण्यांची मुलगी आपल्या बाईंकडे पळाली.

"मी वरच्या खिडकीतून किती हात केले! तू मोबाइलमध्येच बघत होतास."

या खेपेला बाईंनी सगळ्यांना बसमधून खाली उतरवलं आणि स्वतः दारात उभं राहून एकेकाचा चेहरा बघत, नाव घेत मुलं चढवली. सगळ्यात शेवटी बाबांचा हात ओढत लेक आली.

"बाई, बाबांना मी बघते," ती म्हणाली. "तुम्ही बाकीचे मोजा."