तिसरा पाईप रिकामा

"रविवारी या घरात टाचणी पडली ना, तर टाचणीच दचकेल," प्रा. नृसिंह बावडेकरांनी जाहीर केलं आणि हातातला पीव्हीसीचा एल्बो राजदंडासारखा उंच धरला.

त्यांच्या बायकोने, श्यामलाने, टाचणीचा विषय बाजूला ठेवला. "रविवारी दुपारी माझ्या आवाजाची शेवटची टेस्ट आहे. तुमचा समुद्र बोलला, तर समुद्र माझ्या माहेरी, गडमुडशिंगीला. उदू न्यायला तयारच आहे."

उदू म्हणजे उदयसिंह, तिचा धाकटा भाऊ. त्याला सरांच्या टँकमध्ये तिलापिया मासे सोडायचे होते. बघायला नव्हे.

कोल्हापुरात समुद्र नाही, ही उणीव सरांनी आपल्या हॉलपुरती भरून काढली होती. काचेच्या टँकमध्ये खारं पाणी, प्रवाळ, दोन नारिंगी मासे आणि काच चाटत फिरणारी एक गोगलगाय. वरचं पाणी पाईपने खालच्या कपाटातल्या टाकीत उतरायचं, पंप ते पुन्हा वर चढवायचा. पण उतरताना ते असं काही घटघटायचं, की श्यामलाने पुण्याच्या एका कंपनीसाठी वाचलेल्या ऑडिओ कथा एकामागून एक परत येत होत्या. शेरा प्रत्येक वेळी तोच. 'मागे कुणीतरी चूळ भरतंय.' कथेत नायिका शेवटचा श्वास घेत होती, तेव्हासुद्धा.

"पाण्याबरोबर हवा गेली की आवाज होतो," सर समजावू लागले. "तू ताक पितेस तेव्हा होतो तसा."

"मी?"

"उदू पितो तेव्हा होतो तसा. म्हणून आता तीन पाईप. पहिला गळ्यापर्यंत भरलेला. आत हवाच नाही, म्हणून मुका. दुसऱ्यातून उरलंसुरलं पाणी कडेकडेनं झिरपणार. आणि तिसरा कोरडा."

"तिसऱ्याचं काम काय?"

"काही नाही. दोघं तुंबले तरच तो कामाला येणार."

"म्हणजे आमचा उदूच की."

शनिवारी नेमकी सरांना परीक्षेची ड्यूटी लागली. प्लंबर गुंडू एकटाच कपाटात शिरला आणि आतूनच त्याने फोन लावला.

"सर, दोन पाईप जोडलं. तिसऱ्याचं काय करायचं?"

सर परीक्षेच्या हॉलबाहेर येऊन कुजबुजले, "तो रिकामा ठेव. एकदम रिकामा."

"रिकामा व्हय? मग कळलं की!"

गुंडूला खरंच कळलं होतं. त्याच्या धंद्यात 'रिकामा' म्हणजे ज्या तोंडाला नळ बसायचा नाही ते. आणि रिकाम्या तोंडाला बूच मारायचं, नाहीतर झुरळं येतात. त्याने तिसऱ्या पाईपच्या खालच्या टोकाला बूच बसवलं. सर भला माणूस, म्हणून चिकटवायचं सोल्यूशनही अंमळ जास्तच ओतलं.

संध्याकाळी सरांनी पहिल्या पाईपचा कॉक केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवला आणि घटघट थांबली. उरली फक्त पाईपच्या तोंडावरच्या प्लॅस्टिकच्या जाळीची बारीक सिर्र. सरांनी जाळीच काढून टाकली. कपाटात वाकून बघायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. ऐकू काही येत नव्हतं, म्हणजे बिघडलेलं काही नव्हतं.

रविवारी दुपारी श्यामलाने पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, खिडक्या लावल्या आणि कान दिला.

"तुम्ही श्वास घेता ना, तेव्हा शिट्टी वाजते," ती म्हणाली. संसारात हे तिला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. तिने सरांना गॅलरीत पाठवलं.

मग हेडफोन चढवून, टँककडे पाठ करून ती वाचायला बसली. पलीकडे लॅपटॉपवर पुण्याच्या कंपनीतल्या निशिगंधा मॅडम ऐकत होत्या. कथा वाळवंटातली होती.

जाळी गेल्याची बातमी गोगलगायीला सगळ्यात आधी लागली. ती पहिल्या पाईपच्या तोंडात शिरली आणि जागा अंगाला अगदी बेताची निघाल्यामुळे तिथेच मुक्कामाला राहिली. पाणी दुसऱ्याकडे वळलं, त्याला झेपेना. तिसऱ्यात उतरलं, बुचाशी अडलं आणि वरपर्यंत भरलं. शेवटी टँकच्या काठावरून ते थेट हॉलमध्ये उतरू लागलं. काचेला धरून, अत्यंत शिस्तीत, बिलकुल आवाज न करता. सरांचं डिझाइन यशस्वी झालं होतं.

गॅलरीच्या काचेतून सरांनी ते पाहिलं. ओरडावं तर टेस्ट गेली आणि टेस्ट गेली की टँक गेली. पंप बंद करावा, तर त्याची पिन श्यामलाच्या टेबलाखालच्या बोर्डात, वाय-फायच्या शेजारी. कुठली वायर कुणाची, हे वायरींनाच ठाऊक. सर चार पायांवर आत शिरले. तेवढ्यात समोरच्या दारातून उदयसिंह आला. हातात बादली. मासे न्यायला.

त्याने तोंड उघडलं मात्र, सरांनी झेप घेऊन ते दाबलं. उदयसिंहाची कुजबुज उसाच्या चार फडांपलीकडे ऐकू जायची. दोघे रांगत कपाटापाशी गेले. सरांनी दार उघडलं आणि त्यांना गुंडूचं बूच दिसलं.

इकडे निशिगंधा मॅडमनी वाचन थांबवलं.

"श्यामलाताई, राग मानू नका. पण हे तुम्ही मशीनकडून वाचून घेताय का?"

"मशीन? अहो, मी स्वतः बसलेय इथं!"

"पण मागे काहीच नाही हो. पंखा नाही, कुकर नाही, रिक्षा नाही. आधी चूळ भरली जायची तेव्हा निदान माणूस तरी वाटायचात. कॉम्प्युटरचे आवाज आम्ही घेत नाही. सॉरी, ताई."

श्यामलाचे डोळे भरून आले. कपाटात दोन पुरुष एकच बूच पिळत होते. सर सुलटं, उदयसिंह उलटं. बूच हललं नाही. सगळा पाईपच सांध्यातून निखळला. आत कोंडलेल्या पाण्याने जी ढेकर दिली, तिने शोकेसमधल्या बश्या वाजल्या.

"आयोव! दाजी चाललं वाहून!" उदयसिंह बोंबलला.

श्यामला गर्रकन वळली, तशी हेडफोनची वायर लॅपटॉपमधून उपटली गेली. तिने पायाखाली पाहिलं, आणि तिचा आवाज गच्चीवरच्या टाकीपर्यंत गेला.

"हॉलचा पार रंकाळा केलासा की ओ! आणि तू रे मुडद्या, बादली घेऊन ध्यान लावलंयस व्हय? उपस की पाणी!"

"अय्या, माणूसच आहे!" लॅपटॉपमधून निशिगंधा मॅडम खूश होऊन म्हणाल्या. "ताई, तुमचं काम पक्कं. फक्त मागचा तो आवाज ठेवा बाई. लोकांची खात्री पटते."

श्यामलाने पदर खोचला. "ऐकलंसा? समुद्र इथंच राहील. पण उद्यापासनं तो बोलला पाहिजे."

"बोलेल," सर म्हणाले. त्यासाठी पाईपचा व्यास किती लागेल, याचं गणित त्यांनी ओल्या फरशीवर बसूनच सुरू केलं.

"आणि मासं?" उदयसिंहाने विचारलं. त्याच्या हातात फडकं देण्यात आलं.

खालच्या मजल्यावरच्या झुंबरबाईंनी वर्षाच्या चटणीच्या मिरच्या आपल्या हॉलमध्ये पसरून ठेवल्या होत्या. त्या वर्षी त्यांना चटणीत मीठ घालावं लागलं नाही.