गावंडे सरांची दोरी

अकोल्यात आमच्या कॉलनीत भर दुपारी कुणी ओट्यावरच्या खांबाला दोरी गुंडाळून ओढत असेल, तर खुशाल समजावं, ते गावंडे सर आहेत. आणि तिथे थांबू नये. मी थांबलो, म्हणून माझी ही गत!

"या भाऊ! ही दोरी काढून दाखवा. गाठ सोडाची नाई, कापाची नाई."

"वरून काढतो की."

"वर स्लॅब हाय. काढा!"

"मग नाही निघत."

"नाईच निघत! याच्यावर अख्खं शास्त्र उभं हाय, बावा!"

शास्त्राचं नाव टोपोलॉजी, म्हणजे ओढूनताणूनही न बदलणाऱ्या आकारांचं गणित. सरांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, गणिताशी संबंध हजेरी मोजण्यापुरता. निवृत्त झाले आणि मोबाईलवर एम.एस्सी.चा ऑनलाइन कोर्स लावून बसले. आता त्यांच्या लेखी वाटी आणि पोळपाट एकच, कारण दोन्हींना भोक नाही. चाळणीचं नाव काढलं की मात्र गंभीर होतात. कॉलनी हसते. हसू दे! चाचणीत पैकीच्या पैकी मिळवतो हा माणूस.

त्या साली बोंडअळीनं कपाशी फस्त केली होती. अशात अंजनगावहून त्यांचा मेहुणा गाडी घेऊन आला, तो भांडायलाच. मी ओट्यावरच होतो. सरांच्या पत्नी मालतीवहिनी नेहमीसारख्या खुर्चीत, नजर रस्त्याकडे. एके काळी अमरावतीच्या कॉलेजात गणित शिकवायच्या. आता विसरण्याच्या आजारानं नवऱ्याचं नावही गेलं होतं. मी त्यांचा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

"भावजी, सारं वऱ्हाड रडून राहिलं, अन् तुमी दोऱ्या ओढून राहिले?"

"मी दोरी सोडली तं अळी मरते काय? मरत असंन तं आत्ताच सोडतो!"

"तुमाले याड लागलं. ताईले मी घेऊन जातो."

"हात तं लावून पाह्य!" सर असे कडाडले, की समोरच्या घराची खिडकी उघडली.

मेहुणा आत जाऊन वहिनींची पिशवी भरून घेऊन आला. सरांनी शांतपणे दोरी उचलली, वहिनींच्या पुढ्यात खांबाला गुंडाळली आणि म्हणाले, "एक फेरा घाला का दोन घाला, सारखंच."

मला कळेना. परवाच यांनी मला तासभर पिळून शिकवलं होतं, की ते वेगळं असतं!

"चूक," वहिनी म्हणाल्या.

मेहुण्याच्या हातातली पिशवी खाली आली.

"हिच्याशी सैपाकाचं बोललो, पोराइचं बोललो, लग्नाचं बोललो. काईच नाई," सर म्हणाले. "एक दिवस हिचं गणिताचं पुस्तक मोठ्यानं वाचताना चुकलो, तं बोलली! तवापासून शिकून राहिलो. कायबी बरळलं तं ही पाह्यतबी नाई. चूकबी हिच्या तोलाची लागते." त्यांनी दोरी ओढून घट्ट केली. "करमत नाई रे मले, ही बोलली नाई तं."

मग पुन्हा हट्टानं, मोठ्यानं, "सारखंच!"

"चूक! किती वेळा सांगू तुमाले?"

सरांनी तोंड खांबाकडे फिरवलं. मेहुणा ताईच्या पायाशी बसला, दोरीचं एक टोक हातात घेतलं.

"भावजी," तो म्हणाला, "अजून एकदा चुका ना."