गाडीतून न उतरणारे इस्माईलभाई

आमच्या शेजारचे इस्माईलभाई हॉटेलात पाय ठेवत नाहीत. खाण्यापिण्याचं वावडं नाही हो, चांगले खवय्ये आहेत. पण जे खायचं ते गाडीत बसून. माझ्या नातीच्या, सईच्या वाढदिवसाला आम्ही शारजातल्या आमच्या अल मजाज भागातल्याच एका हॉटेलात सगळ्यांना बोलावलं, तर हे नवा सदरा घालून, अत्तर लावून आले आणि खाली पार्किंगमध्येच बसून राहिले. तिथून मला फोन. "वहिनी, बिर्याणी खाली पाठवा. रायता वेगळा." शेवटी सईच केक घेऊन खाली गेली. त्यांनी काच खाली केली आणि तिला आशीर्वाद दिला.

ही सवय खाणीवरची. रास अल खैमाच्या पलीकडे, डोंगर आणि समुद्र यांच्या मध्ये दगडाच्या खाणीचं एक जुनं गाव आहे. माझे यजमान आणि इस्माईलभाई तिथं एकत्र नोकरीला होते. गावात कॅफेटेरिया एकच, केरळच्या बशीरचा. गाडी दारात लावायची, हॉर्न द्यायचा, की बशीर कडक चहा आणि पराठा घेऊन खिडकीशी हजर. आता ही पद्धत इथं गल्लोगल्ली आहे, पण इस्माईलभाईंच्या मते पहिला हॉर्न बशीरच्या दारात वाजला, बाकीच्यांनी आपलं उचललं. मी वाद घालत नाही.

यजमान गेल्यावर मी शारजाला मुलाकडे आले. इस्माईलभाईही रिटायर होऊन लेकीकडे, नाझनीनकडे, आमच्याच बिल्डिंगमध्ये आले. तरी दर रविवारी त्यांची खाणीवर फेरी. जो सापडेल त्याला गाडीत घालायचं आणि गाव दाखवायचं. दाखवायचं काय, तर जे आता नाही ते सगळं. "इथं आमचा पहिला क्रशर होता. खलास. पुढे बघा. हा वजनकाटा, ट्रकची लाइन मशिदीपर्यंत लागायची. खलास. पुढे बघा." एका वळणावर तर गाडी थांबवून ते मोकळ्या आभाळाकडे बोट दाखवतात. "इथं डोंगर होता. तुमच्या साहेबांनी आणि मी मिळून संपवला." तो दगड जहाजांतून गेला, समुद्रात त्याची भर घालून बेटं झाली, बेटांवर बंगले झाले. त्या बंगल्यांतल्या एकाही माणसाने कधी थँक्यू म्हटलं नाही, ही त्यांची खरी तक्रार.

यंदा लायसन्सची मुदत संपली. डोळ्यांच्या टेस्टला तिथल्या मुलीने भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली, तर हे म्हणाले, "बेटी, गाडी चालवताना अक्षरं कोण वाचतो?" फेल. नाझनीनने त्यांची जुनी पांढरी गाडी विकूनच टाकली. बरोबरच होतं तिचं.

"मग टॅक्सीने जा की खाणीवर," मी म्हटलं.

"वहिनी, बशीर मला ओळखतो तो गाडीवरून. नाव त्याला ठाऊक नाही. गाडी गेली, आता मी कोण?"

तेव्हापासून रविवार आला की ते बाल्कनीत बसून राहायचे. रस्त्यावर कुणी हॉर्न दिला की मान वर व्हायची. जेवणातलं लक्षही उडालं. मला बघवेना. सईला नुकतंच लायसन्स मिळालं होतं. एका रविवारी तिला म्हटलं, चल, काढ तुझ्या आईची गाडी.

इस्माईलभाईंना मागे बसवून बशीरच्या दारात पोचलो, तर सई हॉर्न देईना. "आजी, इट्स सो रूड!" शेवटी मीच हात घालून दाबला. बशीर बाहेर आला, आता केस पिकलेत त्याचे, आणि सईच्या खिडकीशी येऊन मेनू पुढे केला. "क्या चाहिए, मॅडम?" मागच्या सीटवर त्याने एकदा पाहिलं आणि नजर फिरवली.

इस्माईलभाईंनी दार उघडलं आणि सरळ खाली उतरले.

बशीरने त्यांना चपलेपासून टोपीपर्यंत न्याहाळलं, आणि चेहऱ्यापाशी त्याची नजर अडली. "अरे, सफेद गाडी! गाडी किधर?"

"बेच दी."

"आप इतना लंबा आदमी है, हमको मालूम ही नहीं था," असं म्हणत त्याने हाताला धरून त्यांना आत नेलं. आम्हीही मागून गेलो.

मीसुद्धा पहिल्यांदाच आत पाऊल टाकत होते. त्या काळी आत सगळे धुळीने माखलेले ट्रक-ड्रायव्हर बसायचे, आम्ही बायका गाडीतच चहा प्यायचो. आत टेबलं होती, फ्रिज होता, आणि मागच्या भिंतीला ही मोठी खिडकी. खिडकीत सगळा समुद्र.

इस्माईलभाई तिच्यापुढे उभे राहिले. हळूच म्हणाले, "लग्न होऊन झुबेदा माझ्याबरोबरच आली रत्नागिरीहून. गाडीत चहा पिताना दर वेळी विचारायची, आत काय आहे हो? मी कधी आत गेलोच नव्हतो. तिला बाहेर ठेवून जाणार कसा? म्हणायचो, काही नाही, चार भिंती. ती गेली तरी मी स्वतःला तेच सांगत होतो."

मग वळून त्यांनी विचारलं, "बशीर, ये खिडकी तब नहीं थी ना?"

बशीर टेबल पुसायला लागला. "नहीं सेठ. नयी है. अभी अभी बनाया."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीजवळच होते. चौकटीवर रंगाचे थरावर थर चढले होते आणि गंजलेल्या बिजागऱ्या खाऱ्या वाऱ्याने पार खाल्ल्या होत्या.

"हो," मी म्हटलं, "नवीनच दिसतेय."

तेव्हा कुठे इस्माईलभाई खुर्ची ओढून समुद्राकडे तोंड करून बसले.