मंडळी बादलीत

मी धान्याचं गोदाम सांभाळतो. उंदीर, घुशी, सोंडकिडे, सगळे माझं नाव ऐकलं की पत्ता बदलतात! निदान घरी तरी मी असंच सांगतो. त्यामुळे गुडघ्याच्या ऑपरेशनला निघताना सासऱ्यांनी तो डबा माझ्या हाती ठेवला, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "बाबा, हे काम म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ!"

"डावा हात आधी धुऊन घ्या," बाबा म्हणाले.

डब्यात ओलसर माती होती आणि मातीत दोऱ्यासारखी बारीक, पांढरी गांडुळं. माशांच्या पिल्लांचा खाऊ! बाबांच्या टाकीतल्या पट्टेरी जोडीनं आजवर कितीदा अंडी घातली, पण दर वेळी ती पांढरी पडून नासायची. या वेळी पहिल्यांदाच पिल्लं झाली आणि जगलीही. नखाएवढी, पण नखरे केवढे! सुक्या खाद्याला तोंड लावत नाहीत. समोर काहीतरी वळवळलं तरच जेवणार. म्हणजे गांडुळं गेली, की पिल्लंही गेलीच!

गांडुळं म्हटलं की सासूबाईंच्या अंगावर काटा यायचा, म्हणून बाबांनी त्यांना 'मंडळी' असं सभ्य नाव दिलं होतं. "मंडळी जेवली का?" "मंडळी आज खुशीत दिसतात!" ऐकणाऱ्याला वाटावं, घरात पाहुणे उतरलेत.

"दुधात भिजवलेला पावाचा तुकडा, नखाएवढाच," बाबांनी बजावलं. "तो संपला की पुढचा. उरला तर बुरशी येते, आणि बुरशीमागून कोळी आणि चिलटं. झाकणाच्या भोकांवरचं कापड काढायचं नाही. समजलं, जावईबापू?"

"समजलं!"

समजलं होतंच हो. पण नखाएवढा तुकडा? अहो, आपल्या दारात आलेल्याला अर्ध्या घासावरून उठवायचं? मी आख्खी स्लाइस अंथरली, गादीसारखी! शिवाय बिचाऱ्यांना वारा लागावा म्हणून कापडही काढलं.

थोड्याच दिवसांत झाकणाच्या आतल्या बाजूला पिठासारखे पांढरे ठिपके दिसले. नीट पाहिलं तर ठिपके चालत होते! माझा आनंद गगनात मावेना. लगेच दवाखान्यात फोन लावला.

"बाबा, पेढे वाटा! मंडळींना पिल्लं झाली!"

"पिल्लं? कशी आहेत?"

"गोंडस! पांढरीशुभ्र! झाकणावर नुसती पळतायत!"

"पळतायत? पाय आहेत का त्यांना?"

मी डोळे बारीक करून पाहिलं. "आहेत की! भरपूर!"

पलीकडे बाबांनी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"जावईबापू," बाबा हळूच म्हणाले, "गांडुळाच्या पिल्लाला पाय कुठून येणार? ते कोळी आहेत, जाळी विणणारे नव्हेत, बुरशीवरचे बारीक किडे. मंडळींच्या तोंडचा घास खातायत ते."

मी झाकण पूर्ण उघडलं. भसकन चिलटांचा ढग उठला! एक नाकात, एक चहात, आणि एक सासूबाईंच्या चष्म्याच्या आत. मी तडक कपाटातून गोदामातल्या औषधाचा फवारा काढला. बायको कामावर निघाली होती. तिनं दारातूनच माझा हात धरला.

"अरे, वेडा आहेस का? शेजारी टाकी आहे! चिलटांबरोबर मासेही मारणार?"

फवारा परत कपाटात गेला आणि माझी छाती परत जागेवर आली.

दुपारी पुन्हा फोन केला. घरात आवाज नीट येईना, म्हणून गॅलरीत जाऊन ओरडून बोलत होतो. आमच्या गॅलरीच्या बरोब्बर खाली, खालच्या बिऱ्हाडातल्या काकूंची गॅलरी. काकू तिथे कपडे वाळत घालत होत्या, हे मला कुठून ठाऊक असणार? त्यांना फक्त माझंच बोलणं ऐकू येत होतं आणि ते असं होतं:

"मंडळींना पाण्यात बुडवू?... आख्खी?... बरं, बादलीत बुडवतो!... नाही नाही, हात थरथरणार नाही!... तळाशी गोळा होऊन पडली की वरचं पाणी ओतून टाकायचं, बरोबर?... हो, आईंना झोप लागलीय, त्या उठायच्या आत उरकतो!"

युक्ती साधी होती. कोळी हलके, ते पाण्यावर तरंगतात. मंडळी जड, ती तळाशी बसतात. वरचं पाणी कोळ्यांसकट फेकायचं, पुन्हा गार पाणी भरायचं. पण काकूंच्या पिढीत मंडळी म्हणजे बायको!

मी बाह्या सरसावून गॅलरीतच बादलीवर वाकलो होतो, तोच फौजदारकाका, म्हणजे पोलिसातून निवृत्त झालेले काकूंचे यजमान, आमचं दार ढकलून धाडकन आत आले. एका हातात काठी, मागे काकू.

"हात वर!" काका गरजले. "कुठे आहे ती?"

"कोण?"

"तुमची मंडळी!"

"ती होय? बादलीत."

काकूंनी भिंत धरली. "अगं बाई! आख्खी?"

"बरीचशी," मी म्हणालो. "थोडी अजून डब्याला चिकटलीय."

"आणि तोंड वर करून सांगतोस?"

"काकू, तुम्ही उगाच घाबरता. इलाजच नव्हता! अंगावर कोळी चढले होते!"

तेवढ्यात जेवायला घरी आलेली माझी बायको दारात उभी राहिली. "काय चाललंय इथे?"

तिला जिवंत पाहून काकूंनी अशी किंकाळी फोडली, की काका दचकून मागे सरले, आणि त्यांची टाच थेट बादलीला लागली!

बादली आडवी! पाणी, माती, मंडळी, सगळा लोंढा निघाला गॅलरीच्या कोपऱ्यातल्या, पाणी जायच्या भोकाकडे. मी नुसता बघत राहिलो. त्या क्षणी मला गांडुळं दिसतच नव्हती. दवाखान्यात पाय बांधून पडलेले, रोज पिल्लांची खुशाली विचारणारे बाबा दिसत होते.

आणि मग आणखी एक टाच आली. सासूबाईंची! गोंगाटानं जागं होऊन त्या आल्या आणि त्यांनी अनवाणी पाय भोकावर दाबून धरला. ज्या बाईनं आजवर त्या टाकीकडे मान वळवून पाहिलं नव्हतं, तिच्या बोटांमधून मंडळी वळवळत होती. डोळे गच्च मिटलेले, पण पाय हलला नाही!

"बघताय काय?" त्या ओरडल्या. "उचला!"

मग आम्ही उचललं. बायकोनं तोंडाला पावडर लावायचा मऊ ब्रश आणला. काकूंची नजर भरतकामानं तेज झालेली, त्या एकेक दोरा दाखवत होत्या: "तो बघ, फरशीच्या फटीत! अहो, तुमच्या गुडघ्याखाली!" फौजदारकाका चार पायांवर रांगत, जन्मात कुणाला पकडलं नसेल इतक्या हळुवारपणे, पोस्टकार्डाच्या कडेनं गांडुळं पकडत होते. एकानंही विचारलं नाही, की या दोऱ्यांसाठी एवढा आटापिटा कशाला.

मूठभर मंडळी वाचली. पण धुतलेली, स्वच्छ, एकही कोळी नसलेली! काकूंनी आपल्या कुंडीसाठी आणलेली माती तव्यावर भाजून गार करून दिली. नवा डबा, झाकणावर घट्ट कापड, मुंग्या चढू नयेत म्हणून डबा पाण्याच्या ताटलीत. पाव बायकोनं मोजून घातला. पावाच्या जवळपास मला कुणी फिरकू दिलं नाही. संध्याकाळी पिल्लांना चार-दोन दोरे सोडले, तेव्हा सगळे टाकीसमोर श्वास रोखून उभे होते. पहिलं पिल्लू झेपावलं आणि काकांनी टाळ्या वाजवल्या.

सगळे गेल्यावर मी सासूबाईंना पाय धुवायला गरम पाणी दिलं. "आई, तुम्हाला तर या सगळ्याची किळस येते."

"येतेच," त्या म्हणाल्या. "पण माणूस दवाखान्यात कंटाळतो रे. घरी परत यायला त्याला काहीतरी निमित्त हवं. मी काय, इथेच असते. पिल्लं मात्र रोज मोठी होतात."

मी पाण्यात हात घालून उगाच ते पुरेसं गरम आहे का बघत राहिलो.

बाबा काठी टेकत घरी आले, ते बूट न काढता टाकीपाशी गेले. पिल्लांच्या अंगावर पट्टे उमटायला लागले होते. बाबांनी एकेक पिल्लू मोजलं. मग काचेला बोट लावून म्हणाले, "जगवलीत की तुम्ही!"

"मी नाही बाबा," मी म्हणालो आणि सगळी हकीकत सांगितली. हसता हसता त्यांचा नवा गुडघा दुखायला लागला. मग त्यांनी आधी सासूबाईंचा हात धरला आणि नंतर काका-काकूंना वर बोलावून घेतलं.

"आता दुसऱ्या गुडघ्याची तारीख मिळेल," बाबा म्हणाले. "तेव्हा डबा कुणाकडे ठेवावा, हे मी ठरवलंय."

मी घसा खाकरून पुढे सरसावलो.

"फौजदार," बाबा म्हणाले, "तुमच्याकडे जागा आहे ना?"

काकांनी हसत मान हलवली. अपमान वाटायला हवा होता मला, नाही का? पण खरं सांगतो, मी दोन्ही हात जोडून त्यांचे आभार मानले!