घुंगरावरची चिंधी

माजी सना बांधावर न्हवती!

आत्ता तर हितं बसून खडं खेळत व्हती. मी गवताची पेंढी बांधली, वळून बघती तर नुसती चप्पल. म्होरं तलाव. सव्वादोन वर्साचं लेकरू माजं! हाक माराय तोंड उघडलं, तवर मागनं हात आला आन् माजं तोंडच दाबलं.

"वरडू नगंस," कानात कुजबुज. "पावणं हाईत."

ह्ये आमचं शंकरआबा, तलावाचं राखणदार. पावणं म्हंजी थंडीत लांबच्या मुलखातनं येत्यात ती पाखरं. आबांनी सारी उमर कुस्तीच्या मैदानात माइकवर पुकारा केला. माइक बंद पडला तरी आवाज पल्याडच्या गावाला जायाचा. राखणदार झालं आन् कुजबुजायलाच लागलं. घरात बी. सुनंला वाटलं घसा गेला, आठ दिस मिठाच्या गुळण्या करायला लावल्या बिचारीनं.

बैलांच्या घुंगूरमाळांत चिंध्या कोंबायचं. एकदा तलावाकडनं वरात आली, तर बँडवाल्यांस्नी चवड्यावर चालाय लावलं. नवरदेव म्हणला, "आबा, लगीन हाय का मयत?"

"पावणं दमून आल्यात, गड्या. तू काय, शेजारच्या गावचा."

आन् माज्या सनाच्या पैंजणांची घुंगरं? ती बी आबांनीच चिंधीनं बांधल्याली. "लेक गोड हाय, पर वाजती लय." म्हणून तर ती गेल्याली मला ऐकू आली न्हाई!

मी त्येंच्या हाताला कडकडून चावली. तरी हात काडला न्हाई.

"आगं, वरडलीस तर समदी उडतील, मंग पोर कुटं हाय त्ये कळायचं न्हाई. तिकडं बघ."

काठाला रोहित पक्षी दाटीनं उभं. एकाच जागी मोकळं, खळ्यावानी गोल.

"पाखरं तितनं सरकल्यात. तितं कोन तरी हाय."

आबा धोतरासकट चिखलात घुसलं, मी मागनं. पाणकणसाच्या आडोशाला माजी सना, चिखलात बसून पाखरांस्नी खडं दावत व्हती.

आबांनी तिला डोस्क्यावर उचललं आन् पुकारा केला, "घावलीऽऽ! घावली रंऽऽ!"

समदा तलाव उठला. आभाळ गुलाबी झालं. आबांनी वर बघितलं बी न्हाई. बांधावर बसलं आन् तिच्या पैंजणावरच्या चिंधीची गाठ सोडाय लागलं. सुटंना, तवा दातानं तोडली.

"वाजू दे," म्हणलं. "वाजू दे हिला."

तवर वनखात्याचं साहेब पळत आलं, मागनं दुर्बिणी घेतल्याली पावणी माणसं. "कोण वरडलं? राखणदार असून ध्यान न्हाई व्हय?"

आबांनी मान खाली घातली. हातावर माजं दात लाल उमटल्यालं. सना मांडीवर पाय हलवत व्हती, छुम छुम.

"मी वरडली, साहेब," म्या म्हणलं.

खोटं बोलली, व्हय. तुमी असता तर काय सांगितलं असतं?