सहाय्यक वडके

सामना ऐन रंगात आलेला असताना मैदानाकडे पाठ करून उभा राहणारा फुटबॉल प्रशिक्षक मी आयुष्यात एकच पाहिला. गजानन वडके, आमच्या कॉलेजच्या संघाचे सहाय्यक प्रशिक्षक. मागे बावीस जण जिवाच्या आकांताने धावत असायचे आणि वडकेसर शांतपणे कुंपणापलीकडच्या गुलमोहराकडे बघत उभे. मध्येच, मान न वळवता सांगायचे, "मोहित्याला बाहेर घ्या. डावा अंगठा दुखतोय त्याचा." मोहिते बाहेर येऊन बूट काढायचा, तर अंगठा खरोखरच सुजलेला असायचा.

वडकेसरांचा जन्म कसबा पेठेतला, तांबट आळीतला. वडील तांब्याची भांडी घडवायचे. हातोडीच्या आवाजावरून भांडं कुठे पातळ झालंय हे ते न बघता सांगत. चिरंजीवांनी तोच कान चेंडूला लावला होता. चुकायचे ते क्वचितच, आणि चुकले की वाऱ्याला नावं ठेवायचे.

मी अर्थशास्त्र शिकवत असे. फुटबॉलमधलं मला एवढंच कळायचं की चेंडूला हात लावायचा नाही. पण ज्या सभेला मी गैरहजर राहिलो, त्याच सभेत क्रीडा समितीचा चिटणीस म्हणून माझी एकमताने निवड झाली. पुण्यात गैरहजेरीची शिक्षा अशीच देतात. तिथून माझा आणि वडकेसरांचा सहवास सुरू झाला तो पुढे चौदा वर्षं.

"सावकाश, पण आत्ता" हे त्यांचं पालुपद. पेनल्टी घेणाऱ्याला सांगायचे, सावकाश, पण आत्ता. कँटीनच्या पोऱ्याला चहा सांगताना तेच. आमच्या एका सहकाऱ्याच्या लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर नवरदेव हार हातात घेऊन थिजून गेला, तेव्हा पहिल्या रांगेतून हाच सल्ला आला. भटजींनी रागाने पाहिलं, पण हार गळ्यात पडला.

सामन्याआधी मुलं आपापली घड्याळं त्यांच्याकडे ठेवायला देत. ती हरवू नयेत म्हणून वडकेसर सगळी मनगटापासून कोपरापर्यंत बांधून उभे राहायचे. किती वाजले असं विचारलं, की "कोणाचे सांगू?" असं विचारायचे. एकाचंही दुसऱ्याशी जुळत नसे.

मग काळ बदलला. मी वर्गात उदारीकरण शिकवत होतो आणि ते खिडकीबाहेर मैदानावर चालून येत होतं. संगणक विभागाच्या इमारतीसाठी अर्धं मैदान गेलं. मी हळहळ व्यक्त करायला गेलो, तर वडकेसर म्हणाले, बरंच झालं, आता आपल्या गोलकीपरची किक थेट पलीकडच्या गोलात जाते. घड्याळं जाऊन मोबाइल आले. वडकेसरांच्या चारी खिशांत अकरा मोबाइल खणखणायचे आणि ते प्रत्येक फोन घ्यायचे. कोणाची आई, कोणाची मैत्रीण, कोणाच्या क्लासचे सर, सगळ्यांशी बोलायचे. एकदा हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीतून एका मुलाच्या मुलाखतीसाठी फोन आला. वडकेसरांनी फोनवरच्या बाईंना सांगितलं की मुलगा प्रामाणिक आहे, दम चांगला आहे, डाव्या पायाने थोडा कमी पडतो, पण मेहनत घेतोय. मुलाला नोकरी लागली. सोमवारपासून तो सरावाला यायचा बंद झाला आणि आमची बचावफळी उघडी पडली. वडकेसरांनी त्याच्या घरी जाऊन अभिनंदन केलं आणि येताना त्याचे बूट दुसऱ्या मुलासाठी मागून आणले.

बावीस वर्षांत त्यांनी तीन मुख्य प्रशिक्षक पाहिले. पहिले खडकवासल्याकडून यायचे. लष्करातून निवृत्त झालेले, सरावाला एक मिनिट उशीर झाला की मैदानाला दहा फेऱ्या. दुसऱ्यांचं खरं प्रेम कबड्डीवर. तिसरा तरुण, परदेशातला डिप्लोमा घेऊन आलेला. पडद्यावर बाणांच्या आकृत्या दाखवायचा. वडकेसर तिघांचेही सहाय्यक, आणि तिघांशीही त्यांचं उत्तम जमलं. याचा त्रास फक्त एका व्यक्तीला व्हायचा, वडकेवहिनींना. घराच्या दारावर पाटी होती : "ग. वि. वडके, सहाय्यक प्रशिक्षक (फुटबॉल)". वहिनी मला दर दिवाळीला म्हणत, "लिमयेसर, ती पाटी बदलायचं तेवढं मनावर घ्या. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमानसुद्धा मुख्य झाले. पाणीपुरवठ्यात का होईना."

ती संधी एकदाची आली. तिसऱ्या प्रशिक्षकाला एका सॉफ्टवेअर कंपनीने तिप्पट पगार देऊन नेलं. तिथे तो खुर्चीवर बसणाऱ्या इंजिनिअरांना संघभावना शिकवणार होता. त्याने जाता जाता आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा संघ तेवढा निवडून द्यायचा, असं ठरलं. रिकाम्या जागेसाठी मी समितीत वडकेसरांचं नाव मांडलं. बाहेरचा माणूस आणावा असं बहुतेकांचं मत होतं. मी आयुष्यात पहिल्यांदाच टेबलावर हात आपटला. चहा सांडला आणि ठराव मंजूर झाला.

आता कोणतीही गोष्ट ज्याची त्याला विचारून करायची, ही पद्धत आमच्या संस्थेत नव्हती. शनिवारी स्टाफरूममध्ये शाल-श्रीफळ देऊन वडकेसरांचा थेट सत्कारच केला. प्राचार्यांनी भाषण केलं. वडकेसर शाल पांघरून, घामाघूम होऊन उभे राहिले आणि आभाराचे दोन शब्दही न बोलता घरी गेले. आम्हाला वाटलं, गहिवरले.

सोमवारी माझ्या टेबलावर शाल होती, घडी मोडलेली कळू नये अशी घातलेली. सोबत अर्ज : मुख्य प्रशिक्षकपद स्वीकारण्यास असमर्थ आहे, सहाय्यकपदी कायम ठेवावे ही विनंती, शाल परत करीत आहे, नारळ परत करता येत नाही, कारण त्याच्या वड्या झाल्या आहेत, त्या जोडल्या आहेत.

वड्या उत्तम होत्या. पण मला राग आला. मी या माणसासाठी टेबलावर हात आपटला होता. संध्याकाळी मी तडक कसब्यात गेलो. वहिनींनी दार उघडलं. डोळे लाल होते. वडकेसर पायात चपला सरकवत होते. मला बघून म्हणाले, "भांडायला आलात ना? चला, मागे बसा. वाटेत भांडू."

स्कूटरवर भांडता येत नाही, वारा सगळं घेऊन जातो. आम्ही थेट बिबवेवाडीत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर पोचलो. दार उघडणारे गृहस्थ यवतमाळकडचे, एका कारखान्यात कामाला. त्यांचा मुलगा आमच्या संघात सरावाला यायचा. कॉलेजातले दोन सर घरी आले म्हणून त्यांची तारांबळ उडाली. "बसा ना जी सर. पोरानं काही केलं का?" काही केलं नाही, सहज आलो, असं वडकेसर म्हणाले. मग त्यांनी तर्री घातलेले पोहे खाल्ले, मिरचीने डोळ्यांत पाणी आलं तरी आणखी मागून घेतले. त्या गृहस्थांना सांगितलं की तुमचा मुलगा एकही दिवस उशिरा येत नाही, पडलेल्याला आधी हात देतो. वडील खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होते. असं कुणी त्यांच्या घरी येऊन बोललं नव्हतं, हे दिसत होतं.

निघताना मुलगा पोचवायला खाली आला. मी स्कूटरपाशी थांबलो. जिन्याखाली वडकेसरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात काही सांगितलं. मुलाची मान खाली गेली. वडकेसरांनी हात काढला नाही. मग मुलाने नाक पुसलं, मान डोलावली आणि वर गेला.

तेव्हा मला कळलं, आणि उरलेलं वडकेसरांनी स्कूटरपाशी येऊन सांगितलं. संघाची यादी उद्या सकाळी फळ्यावर लागणार होती. जी नावं त्यात नसायची, त्यांच्या घरी वडकेसर आदल्या संध्याकाळी जायचे. बावीस वर्षं, दर मोसमात. वगळलेली मुलं हे कुठे सांगत फिरत नसल्यामुळे कॉलेजात कुणालाच पत्ता नव्हता.

"मुख्य झालो की यादी मला करावी लागेल," वडकेसर म्हणाले. "ज्याने नाव गाळलं, त्यानेच संध्याकाळी पोहे खायला कुठल्या तोंडाने जायचं?"

मी म्हणालो, मुलांना फळ्यावर कळलं तर काय बिघडतं? कॉलेजातली मुलं आहेत, काही बाळं नाहीत.

ते स्कूटरच्या सीटवर बोट फिरवत राहिले. मग सांगू लागले. कॉलेजात असताना त्यांच्या संघाची यादी लागली, त्या दिवशी वडील हातातलं काम टाकून बघायला आले होते. फळ्यापुढे ही गर्दी. यादीत यांचं नाव नव्हतं. "वडिलांना वाचता येत नव्हतं. मला विचारलं, कितवं आहे रे तुझं नाव? मी म्हटलं, अकरावं."

पुढे काय झालं, मी विचारलं.

"पुढे काय, त्यांनी आळीत पेढे वाटले. मी दर सामन्याला बूट घेऊन घरून निघायचो, मैदानाबाहेर बसायचो. संध्याकाळी ते विचारायचे, आज किती मारलेस?" वडकेसर हसले. "अख्ख्या मोसमात चारच सांगितले. उगाच जास्त कशाला?"

मलाही हसू आलं. माझा राग कुठल्या कुठे गेला होता. वहिनींना काय सांगायचं ते मात्र सुचत नव्हतं.

वडकेसरांनी किक मारली. अजून एक घर राहिलं होतं, धायरीला. तिथली आई फार रडते, म्हणाले, तुम्ही तिच्याशी बोलत बसा, तेवढ्यात मी पोराला घेऊन खाली जातो. मी बरं म्हटलं आणि मागे बसलो.