सामायिक कोठार आणि नऊ मिनिटांचा बनाव

श्रीगजवदनास नमन, श्रीशारदेस नमन, आणि तळघरात अहोरात्र गुरगुरणाऱ्या यंत्रराजास त्रिवार नमन, की ज्याचे कृपेने कागद उमटतो आणि ज्याचे अवकृपेने राज्य ठप्प होते. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, फाल्गुन शुद्ध षष्ठी, बुधवार, ते दिवशी एका विद्याराज्यात जो प्रसंग गुदरला त्याचा मजकूर येथे लिहिला जातो. वाचणारांनी हसावे, परंतु तोंडावर हात ठेवून हसावे, ही विनंती.

राज्य म्हणजे एक महाविद्यालय, आणि त्याचे प्राचार्य तेच सरकार. या राज्यात परगणे तीन. पहिला परगणा कचेरी आणि परीक्षा विभाग, यांच्या संगणकांवर खिडकीचे निशाण. यांची रीत ऐसी की फाइल उघडावी, तैसीच उघडी ठेवून चहास जावे, आणि मग बाकी सर्वांनी कुलूप पाहात बसावे. दुसरा परगणा चित्रकला आणि वार्षिकांक विभाग, यांच्या यंत्रांवर चावलेल्या फळाचे निशाण, आणि चाल सरदारी. हे जेथे पाऊल ठेवीत तेथे ठिपक्याने सुरू होणाऱ्या नावांच्या बारीक बारीक फायली सांडून जात, आणि कोणी विचारिले तर म्हणत की आम्ही काही सांडिले नाही. तिसरा परगणा गणित विभाग, निशाण पेंग्विन पक्षी. यांस फुकट नसेल ते विटाळ वाटे, आणि कोणताही हुकूम आला की प्रथम पुसत, हा हक्क तुम्हांस कोणी दिला. ऐसे तिन्ही परगणे परस्परांची भाषा न जाणणारे, परंतु सर्वांचे कागदपत्र एकाच ठिकाणी, तळघरातील सामायिक कोठारात, ज्यास सर्व्हर म्हणतात, आणि सर्वांची छपाई त्याच कोठाराच्या मार्फत व्हरांड्यातील एका थोरल्या प्रिंटरवर. या कोठाराचे दप्तरदार मुकुंदपंत हळदणकर, राज्यात येऊन तीन वर्षे जाहलेली. पंत सालस, कष्टाळू, सकाळी सर्वांआधी येणारे आणि सर्वांमागून जाणारे. तिन्ही परगण्यांस एका दाराने आत आणणे हे त्यांचे व्रत, आणि ते व्रत त्यांनी खरोखर पाळिले होते. परंतु स्वभावात एक उणे, की दुसऱ्यास काही पुसणे म्हणजे आपले ज्ञान उणे पडले ऐसे त्यांस वाटे, आणि म्हणून पंत पुसत नसत, अनुमान करीत.

तो पंचमीचे दिवशी सरकारांनी पंतांस हुजूर बोलाविले. सरकार नवे, गादीवर बसून दोनच महिने जाहलेले. सरकारांनी एक नोटीस पुढे सरकविली आणि म्हणाले, "हळदणकर, हे बघा. कागदाच्या तळाशी छपाईची वेळ दहा एकवीस. मी सही केली दहा एकतीसला, समोर दालनातलं भिंतीवरचं घड्याळ बघून. शेजारच्या व्हरांड्यातून माझ्या टेबलावर यायला कागदाला दहा मिनिटं? कुठे फिरत होता हा?" पंत म्हणाले, "सर, प्रिंटर तर पाच पावलांवर आहे." सरकार म्हणाले, "तेच म्हणतो मी. एका कॉलेजात दोन वेळा चालणार नाहीत. एक करा." आणि पंत "आजच करतो" ऐसे बोलून निघाले, आणि मग मुख्य दालनात लंबकाच्या थोरल्या घड्याळाखाली उभे राहिले. ते घड्याळ संस्थापकांनी दिलेले, शिसवी, पुरुषभर उंच, टोले ऐसे की वर्गातील झोप उडावी. पंतांनी कोठाराची वेळ पाहिली, ती नऊ मिनिटे मागे. खिशातील मोबाइल पाहिला, तोही नऊ मिनिटे मागे. मग पंतांनी न्याय केला की सर्व्हर आणि मोबाइल ही एकाच जातीची यंत्रे, एकमेकांची साक्ष देणारच, आणि हे घड्याळ मात्र संस्थापकांचे, स्वतंत्र बाण्याचे, सबब खरे. ऐसा निवाडा करून तळघरात उतरले आणि कोठाराची वेळ नऊ मिनिटे पुढे केली. कोठार दर तासास बाहेरील जगास वेळ पुसून आपली चूक दुरुस्त करीत असे. पंतांनी तो धागाही तोडिला, आणि स्वतःशी बोलिले की राज्याचा काळ राज्यातच ठरावा. मग समाधानाने घरी गेले आणि जेवणात एक पोळी अधिक घेतली.

षष्ठीचा दिवस उजाडला. दुसरे दिवशी सकाळी दहास बाहेरून बसणाऱ्या विद्यार्थ्यांची पदवीची परीक्षा, आणि त्यांची तीनशे बारा प्रवेशपत्रे कोठारात तयार, फक्त छापून शिक्का मारावयाची. सकाळपासून विद्यार्थी व्हरांड्यात जमले. त्यांत एक सोजरबाई गायकवाड, वय त्रेचाळीस, दूरच्या एका वस्तीवरील अंगणवाडीत मदतनीस. पदवी पदरी पडली तर पर्यवेक्षिकेच्या जागेस अर्ज करिता येईल, ही आस. बाई पहाटेची गाडी धरून आलेल्या, आणि परतीची एकच गाडी, दुपारी चारची, फाटकासमोरच्या थांब्यावरून. परीक्षाप्रमुख कुमुदिनीबाई शिर्सीकर यांस सोजरबाई म्हणाल्या, "म्याडम, माझं सेंटर तिकडं गावाकडंच हाय. चारची गाडी चुकली तर मुक्काम, आन् मुक्काम केला तर पेपर गेला. दोनदा फारम भरून घरी ऱ्हायलेय मी. एकदा सासू वारली, एकदा पोरगी आजारी. औंदा कुनी आजारी न्हाई." कुमुदिनीबाई म्हणाल्या, "मग काळजी कसली? दहा मिनिटांत देते." आणि संगणकापुढे बसल्या, नाव घातिले, परवलीचा शब्द घातिला, आणि कोठाराने उत्तर दिले की नाव अथवा पासवर्ड चुकला. पुन्हा घातिला, पुन्हा तेच. मग पंतांस बोलावणे गेले, आणि तोवर चित्रकलेतून निरोप आला की आम्हांस दार उघडत नाही, आणि गणितातून निरोप आला की आम्हांसही उघडत नाही, परंतु आमचा दोष नाही हे आधी लिहून घ्यावे.

आता पंतांची मोहीम सुरू जाहली. कोठार सांगते पासवर्ड चुकला, म्हणून पंतांनी कुमुदिनीबाईंचा पासवर्ड बदलिला. तरी दार उघडेना. मग विचार केला की काही घुसखोरी जाहली असावी, आणि राज्यातील अडतीस असामींचे पासवर्ड एका दमात बदलिले, आणि नवे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून वाटिले. आता जे जुना शब्द विसरले नव्हते त्यांसही नवा पाठ करावा लागला, आणि दार तर उघडेचना. मग खिडकी परगण्याचे हेडक्लार्क म्हणाले, "त्या गणितवाल्यांनी काहीतरी फुकटचं घातलं असणार." गणिताचे प्राध्यापक म्हणाले, "आमच्याकडचं सगळं उघड आहे, येऊन वाचा." चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "आमची मशीन्स कधी बिघडत नाहीत," आणि ते खरे होते, परंतु त्याचा उपयोग नव्हता. पंतांनी तिघांसही शांत केले, आणि मनात मात्र तिघांचाही संशय धरिला. मग कोठार बंद करून चालू केले. मग तारा उपसून पुन्हा खोविल्या. मग तीच पूर्वस्थिती. कोठारावरूनच थेट छापावे तर प्रवेशपत्रे उघडणारे सामान त्यावर नाही. पेनड्राइव्हमध्ये फायली भरून दुसऱ्या यंत्रावर छापाव्या तर कीड येऊ नये म्हणून बाहेरील पेनड्राइव्ह सर्व यंत्रांवर बंद, आणि हा बंदोबस्त मागील साली स्वतः पंतांनीच केलेला, आणि त्या वेळी सर्व राज्यात त्याची वाहवा जाहली होती. तो बंदोबस्त काढावयाचा हुकूमही कोठारातूनच सुटावयाचा, आणि कोठारापर्यंत तर एकही यंत्र पोहोचेना. ऐसे पंत आपल्याच तटबंदीबाहेर उभे राहिले.

दुपार चढली. सोजरबाई बाकावर बसून होत्या. दर टोल्यास वर पाहात आणि पिशवी मांडीवर घट्ट धरीत. पंत तीन वेळा त्यांच्यापुढून गेले, आणि तिन्ही वेळा म्हणाले, "होतंच आलंय." तिसऱ्या वेळी सोजरबाई म्हणाल्या, "साहेब, न्हाई झालं तर न्हाई म्हना. पर होतंय होतंय म्हनू नका. म्या अंगनवाडीत पोरास्नी आसंच सांगती." हे पंतांस फार लागले. तळघरात येऊन बसले, घाम पुसला, आणि तीन वर्षांत प्रथमच त्यांस वाटले की आपणांस काही कळत नाही.

तेव्हां शिपाई शिदूतात्या चहा घेऊन उतरले. तात्या राज्यात एकतीस वर्षे, सेवानिवृत्तीस सहा महिने उरलेले. चहा ठेविला, आणि कोठाराच्या पडद्याकडे पाहून म्हणाले, "आँ? ह्येच्यात पावणेचार कसं? भितीवरचं घड्याळ खाली उतरलं का काय?" पंत म्हणाले, "भिंतीवर पावणेचार, म्हणून इथेही पावणेचार." तात्या म्हणाले, "आवं पर भितीवरचं नऊ मिन्टं म्होरं आस्तंय की!" पंत म्हणाले, "कोणी सांगितलं?" तात्या म्हणाले, "सांगायचं काय त्यात? दर सोमवारी चावी देऊन म्याच म्होरं सारतो. मागच्या सरकारांचा हुकूम. मास्तर लोक उशिरा येत्यात म्हनून नऊ मिन्टं म्होरं. धा केली आस्ती तर धा वजा करायला सोपं जातं, म्हनून नऊ. आठरा वर्सं झाली. समद्यांस्नी म्हाईत हाय." पंत उभे राहिले. म्हणाले, "सगळ्यांना? आणि मला कोणी बोललं नाही?" तात्या म्हणाले, "तुमी इचारलं कुटं?"

आता वाचणारांस हे कळले पाहिजे की कोठाराच्या दारी एक पहारेकरी असतो, मनुष्य नव्हे, यंत्रातलाच एक नियम. येणाऱ्याच्या यंत्रातील वेळ आणि कोठारातील वेळ यांत पाच मिनिटांहून अधिक अंतर पडले तर तो येणाऱ्यास तोतया समजतो आणि आत घेत नाही, आणि कारणही धड सांगत नाही. तिन्ही परगण्यांची यंत्रे जगाची वेळ पाळीत होती. एकटे कोठार तात्यांच्या घड्याळाप्रमाणे चालले होते. म्हणजे अडतीस असामींपैकी एकाचाही दोष नव्हता. पंतांनी डोकीस हात लाविला, कोठार नऊ मिनिटे मागे आणिले, तोडलेला धागा जोडिला, आणि जिना चढत ओरडिले, "कुमुदिनीबाई, आता घाला पासवर्ड! नवा, चिठ्ठीवरचा!" आणि दार उघडिले.

परंतु संकट सरले नव्हते. दार उघडताच सकाळपासून तिन्ही परगण्यांत अडकलेली छपाई एकदम धावत सुटली, आणि प्रिंटरच्या रांगेत पुढे उभे राहिले वार्षिकांकाचे मुखपृष्ठ, आणि मग उपाहारगृहाचे पत्रक, आणि सर्वांपुढे सरकारांचे बक्षीस समारंभाचे भाषण, पाने अठ्ठेचाळीस, प्रती सहा. कुमुदिनीबाई म्हणाल्या, "पंत, सरांचं भाषण आहे ते." पंतांनी एक क्षण विचार केला, आणि संपूर्ण रांग पुसून टाकिली. मग कुमुदिनीबाईंनी तीनशे बारांतून सोजरबाईंचे एक पत्र वेगळे काढून प्रथम छापविले, आणि शिक्का मारिला, आणि शाई फुंकून सुकविली. तो मुख्य दालनात चाराचे टोले पडून गेले होते, आणि काटा वर सहा मिनिटांवर होता. सोजरबाईंनी पत्र हाती घेतिले, वर पाहिले, आणि बाकावर बसल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "गेली गाडी. ऱ्हाऊ द्या, म्याडम. तुमी केलं तेवडं लई केलं."

तेव्हां मुकुंदपंत, की ज्यांनी त्या भिंतीवर साऱ्या राज्याहून अधिक विश्वास ठेविला होता, ते मोठ्याने म्हणाले, "बाई, भिंतीकडे बघू नका! ते खोटं आहे! तीन सत्तावन्न झालेत, उठा!" आणि बाईंची पिशवी आपल्या खांद्यास मारून पायऱ्या उतरत पळाले, आणि मागून सोजरबाई, आणि त्यांचे मागून शिदूतात्या, "आवं पंत, चप्पल ऱ्हायली!" ऐसे ओरडत. पंत त्या दिवशी अनवाणी रस्ता ओलांडून गाडीसमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले. चालक खिडकीतून म्हणाला, "काय साहेब, जीव द्यायचाय का? अजून दोन मिनिटं आहेत, बसा की निवांत." पंत म्हणाले, "मला नाही बसायचं. यांना बसवा." आणि सोजरबाई चढल्या, आणि गाडी गेली. मग बाकीची तीनशे अकरा पत्रे साडेपाचापर्यंत छापून ज्याची त्यास दिली, आणि सरकारांचे भाषण सर्वांचे शेवटी.

दुसरे दिवशी सरकारांनी लेखी खुलासा मागितला, कोठार दिवसभर बंद का राहिले. तांत्रिक बिघाड ऐसे दोन शब्द लिहिते तर कोणी फिरून पुसते ना. घड्याळ ऐसे लिहिते तर तात्यांचे नाव निघते, आणि तात्यांचे सहा महिने उरलेले. पंतांनी लिहिले : "कारण, दप्तरदारांनी विचारले नाही." सरकारांनी वाचून पुसले, "काय विचारलं नाही?" तेव्हां सर्व हकीकत निवेदन जाहली, आणि हुकूम मागील सरकारांचा हेही निवेदन जाहले. सरकारांनी दालनातील घड्याळाकडे पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे दोन महिने मी रोज धावतपळत येतोय, ते नऊ मिनिटं आधीच?" पंतांनी घड्याळाखाली चिठ्ठी लाविली की हे नऊ मिनिटे पुढे आहे, सरकारांनी ती काढविली, म्हणाले, लिहून ठेवले तर पुढे ठेवण्याचा उपयोग काय.

तात्पर्य इतकेच. कोठार एक, परगणे तीन, काळ दोन, आणि दप्तरदार एक, जो आता दर सोमवारी चावीचे वेळी तात्यांपाशी जाऊन उभा राहतो आणि काही ना काही पुसतो. आषाढात सोजरबाई गुणपत्रिका नेण्यास आल्या. दालनात शिरल्या, घड्याळाकडे पाहिले, बोटांवर काही वजा केले, आणि बाकावर निवांत बसल्या. जैसे घडले तैसे लिहिले. जेथे दप्तरदार शहाणे दिसले असतील तेथे लेखणी घसरली ऐसे समजावे.